बाळंतज्वराची नोंद

बाळंतिणीला तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, ओटीपोटावर पांघरुणाचा भारही सोसेनासा झाला आणि नाडी धावू लागली, की दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपात घरातल्या जाणत्या बायका काय ते समजून चुकत. आदल्या दिवसापर्यंत बाळाला अंगावर पाजणारी धडधाकट तरुणी आठवडाभरात जात असे. आपल्याकडे या दुखण्याला बाळंतज्वर किंवा सूतिकाज्वर म्हणतात. आज हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टर त्याचे निदान ‘प्युअरपेरल सेप्सिस’ असे लिहितात आणि रेकॉर्ड विभागातला कर्मचारी त्यापुढे ओ-८५ हा कोड घालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या, म्हणजे आयसीडीच्या, दहाव्या आवृत्तीत या रोगाची जागा ती.

वरवर पाहता हे कारकुनी काम आहे. पण बाळंतज्वराचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. जिथे कुणी निगुतीने नोंदी ठेवल्या, तिथे या रोगाचे कारण हाती लागले. जिथे नोंदच झाकली गेली, तिथे बायका मरत राहिल्या आणि कुणाला जाबही विचारता आला नाही. ओ-८५ हा कोड त्या दोनशे वर्षांच्या झगड्यातून आला आहे.

अॅबर्डीनचा तक्ता

बाळंतज्वर फार जुना. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही त्याची वर्णने आहेत. पण त्याच्या साथी येऊ लागल्या त्या मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांत. याच काळात युरोपातल्या मोठ्या शहरांत गरीब बायकांसाठी धर्मादाय सूतिकागृहे निघाली. एका दालनात अनेक बाळंतिणी आणि त्या सगळ्यांना तपासणारे तेच ते हात, अशी तिथली व्यवस्था होती. साथीची कारणे मात्र दूषित हवा, बिघडलेले दूध, ग्रहमान, बाईची भित्री प्रकृती अशी सांगितली जात.

स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीन शहरात १७८९च्या अखेरीस अशी साथ सुरू झाली आणि १७९२पर्यंत चालली. तिथले डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन पूर्वी आरमारात सर्जन होते. त्यांनी एक साधे काम केले. प्रत्येक आजारी बाईची नोंद ठेवली आणि १७९५ साली आपल्या पुस्तकात तिचा तक्ता छापला. बाईचे नाव, वय, राहण्याचे ठिकाण, आजाराची तारीख, ती बरी झाली की दगावली, आणि शेवटी तिचे बाळंतपण कोणी केले, असे त्याचे रकाने होते. ७७ बायकांच्या या तक्त्यात २८ मृत्यू होते.

शेवटचा रकाना वरून खाली वाचला की तीच ती नावे दिसत. ताप हवेतून येत असता तर तो शहरभर सारखा पसरला असता. पण तो ठरावीक सुइणी आणि ठरावीक डॉक्टर यांच्या मागोमाग घरोघर गेला होता. कोणती सुईण बोलावली आहे हे कळले, की कोणती बाई आजारी पडणार हे आधीच सांगता येते, असे गॉर्डन यांनी लिहिले. आपल्या स्वतःच्या हातूनही हा रोग अनेक बायकांपर्यंत पोहोचला, हेही त्यांनी त्याच पुस्तकात कबूल केले. आजारी बाळंतिणीचे कपडे आणि अंथरूण जाळावे किंवा नीट शुद्ध करावे, सुइणींनी आणि डॉक्टरांनी अंग धुऊन कपड्यांना धुरी द्यावी, असा उपाय सुचवला. जंतूंची कल्पना रुजायला अजून ऐंशी वर्षे होती.

पण तक्त्यात सुइणींची नावे छापली होती. गाव त्यांच्यावर उलटले. गॉर्डन यांनी अॅबर्डीन सोडले, पुन्हा आरमारात गेले आणि १७९९ साली क्षयाने वारले. त्यांचे पुस्तक मागे पडले.

१८४३ साली अमेरिकेत बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी गॉर्डनसह अनेकांच्या नोंदी एकत्र करून तेच सिद्ध केले: बाळंतज्वर डॉक्टर आणि दाया एका बाईकडून दुसरीकडे नेतात. फिलाडेल्फियातले प्रसूतिशास्त्राचे नामांकित अध्यापक चार्ल्स मेग्ज यांनी त्यांना कडाडून विरोध केला. सभ्य गृहस्थाचे हात रोग पसरवतील, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला होता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे पहिले बाळ दहा दिवसांत गेले होते. त्या पदवीधर होईपर्यंत मेग्ज यांचा पक्ष हरला होता. पण तो कसा हरला हे पाहायला व्हिएन्नाला जायला हवे.

व्हिएन्नाच्या दोन नोंदवह्या

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयाचे प्रसूतिगृह हे त्या काळी जगातले सर्वांत मोठे. १८४०पासून त्याचे दोन काटेकोर भाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करत, दुसऱ्यात सुइणी शिकत. दाखल होणारी बाई कोणत्या विभागात जाणार, हे वारावर ठरे. बायका एकाच थरातल्या, इमारत एक, हवा एक. रोगाचे कारण शोधायला याहून चांगली मांडणी मुद्दाम करूनही जमली नसती.

१८४६ साली इग्नाझ सेमेलवाइस हे तरुण हंगेरियन डॉक्टर पहिल्या विभागात सहायक झाले. त्या वर्षीच्या नोंदी अशा: पहिल्या विभागात ४,०१० बाळंतिणींपैकी ४५९ दगावल्या, म्हणजे अकरा टक्क्यांहून अधिक. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. हा फरक शहरातल्या गरीब बायकांनाही ठाऊक होता. पहिल्या विभागात जाण्याची पाळी आली, की त्या गुडघे टेकून विनवण्या करत. काही जणी वाटेतच बाळंत होऊन मग दाखल होत, आणि रस्त्यात बाळंत झालेल्या या बायकांना ताप क्वचितच येई.

सेमेलवाइस यांनी एकेक कारण घेऊन तपासले. गर्दी म्हणावी, तर दुसऱ्याच विभागात ती जास्त. मरणाऱ्या बाईला धर्मसंस्कार द्यायला येणारा पाद्री पहिल्या विभागात घंटा वाजवत खोल्या ओलांडून जाई, त्या घंटेच्या धसक्याने बायका आजारी पडतात असे म्हणत. त्यांनी घंटा बंद करवली, पाद्र्याची वाट बदलली. फरक पडला नाही. सुइणींप्रमाणे कुशीवर निजवून बाळंतपणे करून पाहिली. तेही व्यर्थ.

१८४७च्या मार्चमध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक याकोब कोलेच्का वारले. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या शवतपासणीचा अहवाल सेमेलवाइस यांनी वाचला आणि त्यांना धक्का बसला. शेकडो मृत बाळंतिणींच्या शरीरांत जे पाहिले होते, तेच इथे एका पुरुषाच्या शरीरात होते. विद्यार्थी सकाळी शवागारात प्रेते उघडत आणि तेच हात घेऊन बाळंतिणी तपासायला येत. सुइणींचा शवागाराशी संबंध नव्हता.

मे महिन्याच्या मध्यावर त्यांनी विभागाच्या दाराशी क्लोरीनच्या पाण्याचे भांडे ठेवले. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून क्लोरीनयुक्त चुना, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, वापरात आला. हात धुतल्याशिवाय कुणी आत जायचे नाही असा नियम झाला. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण अठरा टक्क्यांवर होते. जूनमध्ये ते दोनच्या आसपास आले, जुलैत सव्वावर. १८४८च्या मार्च आणि ऑगस्टमध्ये पहिल्या विभागात एकही बाळंतीण दगावली नाही.

मध्यंतरी, १८४७च्या ऑक्टोबरमध्ये, एक घटना घडली. गर्भाशयाच्या कर्करोगाचा दुर्गंधी स्राव असलेली एक बाई ओळीतल्या पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून तेच हात पुढच्या बारा जणींना लागले आणि त्यांतल्या अकरा मेल्या. तेव्हा दोष केवळ प्रेतांचा नाही, जिवंत रोग्याकडूनही तो जातो, हे लक्षात आले आणि प्रत्येक तपासणीनंतर हात धुणे सक्तीचे झाले.

वरिष्ठांना हे पटले नाही. पटणे म्हणजे आपल्याच हातांनी हजारो बायका मारल्या हे मान्य करणे. सेमेलवाइस यांनीही आपले संशोधन सविस्तर छापायला १८६१पर्यंत वेळ घेतला आणि विरोधकांवर जहरी पत्रे लिहून वैर ओढवून घेतले. १८६५च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, व्हिएन्नातल्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत लुई पाश्चर यांनी फळ्यावर साखळीसारखे मणी काढले आणि हाच बाळंतज्वराचा जंतू आहे असे सांगितले. तो स्ट्रेप्टोकोकस होता. सेमेलवाइस यांचे म्हणणे खरे ठरले, तेव्हा ते हयात नव्हते.

मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहायचे

व्हिएन्नात एका रुग्णालयाच्या नोंदवहीने रोगाचे कारण दाखवले. पण देशभर किती बायका बाळंतपणात मरतात आणि कशाने, हे कळायचे तर देशभरचे डॉक्टर एकाच दुखण्याला एकच नाव देत असले पाहिजेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ साली जन्ममृत्यूची नोंद सुरू झाली. तिथल्या निबंधक कार्यालयात आकडेवारीचे काम पाहणारे विल्यम फार हे स्वतः वैद्यक शिकलेले होते. १८३९च्या पहिल्या अहवालातच त्यांनी तक्रार केली, की एकाच रोगाला तीन-चार नावे आहेत, अनेक रोगांना एकच नाव आहे आणि कुठे रोगाऐवजी त्याची गुंतागुंतच लिहिली आहे. पदार्थविज्ञानात वजन-मापांना जे महत्त्व, तेच या कामात रोगाच्या नावांना, असे त्यांचे म्हणणे होते.

बाळंतज्वराच्या बाबतीत हा गोंधळ नुसता अज्ञानाचा नव्हता. एखाद्या डॉक्टरच्या हातून बाळंत झालेली बाई बाळंतज्वराने गेली, असे चारचौघांत झाले की त्याचा धंदा बसे. म्हणून दाखल्यावर ‘पेरिटोनायटिस’, म्हणजे पोटातल्या आवरणाचा दाह, किंवा नुसते ‘सेप्टिसीमिया’, म्हणजे रक्तातला जंतुदोष, लिहून डॉक्टर मोकळे होत. दोन्ही शब्द खोटे नव्हते. फक्त ही बाई आठच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती, एवढेच त्यांतून गळलेले असे. निबंधक कार्यालयाला पुढे अशा संशयास्पद दाखल्यांवर डॉक्टरांना उलट पत्रे पाठवून विचारावे लागले, की मृत्यूपूर्वी ही बाई बाळंत झाली होती का.

फार यांच्या मदतीने फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही हाच प्रश्न हाती घेतला. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांच्या निधीतून सुइणींच्या शिक्षणासाठी चाललेला प्रसूती विभाग बाळंतज्वरामुळे १८६७ साली बंद करावा लागला. त्यानंतर त्यांनी देशोदेशींच्या सूतिकागृहांचे आकडे गोळा केले, तेव्हा ते एकमेकांशी ताडून पाहण्याजोगेच नव्हते. १८७१च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या अनास्थेवर कडक ताशेरे ओढले.

देशादेशांनी एकच यादी वापरावी हा विचार १८५३ साली ब्रुसेल्सच्या सांख्यिकी परिषदेत पुढे आला. यादी करण्याचे काम फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पिन यांच्याकडे आले. खरी सर्वमान्य यादी केली ती पॅरिसच्या झाक बर्तियों यांनी. १८९३ साली शिकागोत ती आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने मान्य केली आणि १९०० साली पॅरिसमध्ये सव्वीस देशांच्या परिषदेने १७९ गटांची पहिली आंतरराष्ट्रीय यादी स्वीकारली. तिच्यात बाळंतपणातल्या सेप्टिसीमियाला १३७ हा स्वतंत्र क्रमांक होता. १९४८ साली ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि त्या सहाव्या आवृत्तीपासून मृत्यूंबरोबर आजारांचेही वर्गीकरण होऊ लागले. नवव्या आवृत्तीत १३७चा ६७० झाला, दहाव्यात ओ-८५, आणि २०२२पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तो जेबी-४० या गटात आहे.

मोजल्यामुळे काय झाले

नोंदी सुधारल्या तशी एक कटू गोष्ट उघड झाली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकूण मृत्युदर उतरत होता, पुढे बालमृत्यूही कमी झाले. पण दर हजार बाळंतपणांमागे चार-पाच माता मरतच होत्या, आणि १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा हलला नाही. जंतुनाशके आली होती, सुइणींसाठी १९०२चा कायदा झाला होता, तरीही बाळंतज्वर कायम होता. त्या आकड्यांनीच सरकारवर आणि डॉक्टरांवर दबाव आणला.

मग प्रतिबंध आणि उपचार अशा दोन्ही बाजूंनी मार्ग निघाला. जंतुशास्त्रज्ञ रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ साली स्ट्रेप्टोकोकसचे गट पाडले आणि बाळंतिणींचा घात करणारा मुख्यतः ‘ए’ गट आहे हे दिसले. लंडनच्या डोरा कोलब्रुक यांनी दाखवले, की हा जंतू बऱ्याचदा बाळंतपण करणाऱ्यांच्याच घशातून येतो. म्हणजे हातांबरोबर तोंडावर मास्कही हवा. १९३५ साली जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिल हे सल्फा गटातले औषध जाहीर केले. डोरा यांचे बंधू लिओनार्ड कोलब्रुक यांनी ते लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात बाळंतज्वराच्या ३८ रोग्यांना दिले. त्यांतल्या तीन दगावल्या. याआधी तिथे अशा रोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा जात असे. सल्फा औषधांपाठोपाठ पेनिसिलिन आले आणि इंग्लंडमधला मातामृत्यूचा आलेख अखेर खाली आला.

मोजण्याची सवय तिथे यानंतरही सुटली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९५२पासून प्रत्येक मातामृत्यूची गोपनीय चौकशी होते. दोष देण्यासाठी नव्हे, कारण शोधण्यासाठी. म्हणूनच २००६ ते २००८ या काळात जननमार्गाचा जंतुदोष हे ब्रिटनमधल्या थेट मातामृत्यूंचे पहिले कारण पुन्हा झाल्याचे लक्षात आले. जिंकला असे वाटलेला रोग परत आल्याची बातमी चौकशीच्या अहवालाने दिली.

आपल्याकडेही असे काम हाती घेतले गेले. पुण्यात शिकलेल्या, बेने इस्राएल समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. मुंबई शहरातल्या मातामृत्यूंच्या कारणांची त्यांनी पाहणी केली आणि तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. घरोघर सुईण बाळंतपणे करत होती, त्या काळातले हे काम आहे. १९९२-९३ साली देशातली जेमतेम पाव बाळंतपणे दवाखान्यात होत. २०१९-२१च्या पाहणीत हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या घरात गेले. २०१८-२०च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले, देशात ९७. ही मोठी कमाई आहे. पण जवळजवळ सगळी बाळंतपणे दवाखान्यात होतात, तेव्हा व्हिएन्नाच्या दाराशी ठेवलेल्या त्या भांड्याची गरज आपल्यालाच सर्वांत जास्त आहे. २००३ ते २००९ या काळातल्या जगभरच्या मातामृत्यूंपैकी सुमारे अकरा टक्के जंतुदोषाने झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

आजच्या दाखल्यावरची एक ओळ

आपल्याकडे रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर नमुना क्रमांक ४ भरतात. त्यात कारणांची साखळी लिहायची असते. पहिल्या ओळीत मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याखाली ते कशामुळे उद्भवले, आणि सर्वांत खाली मुळातले कारण. मृत व्यक्ती स्त्री असेल तर मृत्यूचा गरोदरपणाशी संबंध होता का, बाळंतपण झाले होते का, हेही विचारलेले असते.

समजा, बाळंतपणानंतर सहाव्या दिवशी एक बाई गेली. डॉक्टरांनी पहिल्या ओळीत ‘सेप्टिक शॉक’ आणि खाली ‘प्युअरपेरल सेप्सिस’ लिहिले, तर कोड ओ-८५ पडतो आणि ती मातामृत्यूंत मोजली जाते. कळा चालू असतानाच जंतुदोष झाला असेल तर कोड ओ-७५.३, गर्भजलाच्या पिशवीत असेल तर ओ-४१.१, सिझेरियनची जखम चिघळली असेल तर ओ-८६.०. प्रत्येक कोड वेगळ्या चुकीकडे बोट दाखवतो: लांबलेल्या कळा, फुटून फार वेळ झालेली पाणमोट, शस्त्रक्रियागृहातली अस्वच्छता. पण त्याच डॉक्टरांनी ‘सेप्टिसीमिया’ एवढेच लिहून गरोदरपणाचा रकाना कोरा ठेवला, तर कोड पडतो ए-४१, आणि ती बाई कोणत्याही वयाच्या, कोणत्याही सेप्सिसच्या रोग्यांत मिसळून जाते. फार यांनी १८३९ साली मांडलेली तक्रार आजही जशीच्या तशी लागू पडते. मुळात देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त साडेबावीस टक्क्यांना कारणाचा वैद्यकीय दाखला होता.

कोडने कुणाचा ताप उतरत नाही. पण कोणत्या तालुक्यात, कोणत्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या कोणत्या टप्प्यावर बायका जात आहेत, हे याच आकड्यांतून कळते आणि त्यावरच पुढचे औषध, पुढची परिचारिका, पुढचे निर्जंतुक किट ठरते. म्हणून मृत्यूचा दाखला भरणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला एवढीच विनंती आहे: मृत स्त्री बाळंत होऊन बेचाळीस दिवस झाले नसतील, तर ते स्पष्ट लिहा आणि जंतुदोष कुठून सुरू झाला तेही लिहा. आणि घरात असा प्रसंग ओढवलाच, तर नातेवाइकांनीही दाखला नुसता घडी करून ठेवू नये. त्यात बाळंतपणाचा उल्लेख आहे का ते वाचावे, नसेल तर विचारावे. तो विचारण्याचा हक्क त्यांना आहे.